लाल्याची वही

दोन वर्षं मी मनगटाला कासरा बांधून झोपले. कासरा म्हणजे जुन्या सुती लुगड्याचा काठ फाडून वळलेली दोरी. एक टोक माझ्या डाव्या मनगटाला, दुसरं गोलूच्या उजव्या, मधे हातभर ढील. त्याला झटका आला की माझा हात ओढला जाणार आणि मला जाग येणार, असा हिशेब. पण त्याने कूस बदलली तरी हात ओढला जायचा, डास मारला तरी जायचा. रात्रीतून आठ-दहा वेळा उठून बसायची, मोबाईलच्या उजेडात त्याचं तोंड बघायची, छातीवर हात ठेवायची आणि पुन्हा आडवी व्हायची. पहिल्या रात्री गोलूचे बाबा बाजेवरून बघत होते. म्हणाले, "पोराले कासरा लावला काय?" त्यांना गंमत करायची होती, पण आवाज काही गमतीचा निघाला नाही.

गोलू हे माझ्या पोराचं घरातलं नाव. शाळेतलं इथे लिहीत नाही; आपली मिरगी, म्हणजे फिट येण्याचा आजार, कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, हे मोठा झाल्यावर त्याचं तो ठरवेल. आता अकरा वर्षांचा आहे. घाटंजी तालुक्यात आमचं गाव, चार एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. मी ग्रामपंचायतीत संगणकावर बसते. जन्माचे दाखले, नमुना ८, घरकुलाच्या याद्या. दिवसभर रकाने भरायचे. ही सवय पुढे कामी आली, ते सांगेनच.

पहिला झटका तिसऱ्या वर्षी, तापात. डॉक्टर म्हणाले, सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापाने झटका येऊ शकतो, बहुतेक लेकरांना पुढे मिरगी होत नाही. आम्ही त्या 'बहुतेक'मध्ये बसलो नाही. दोन वर्षांनी ताप नसताना आला. तूर सोंगायचे दिवस होते. गोलू छपरीत चिंचोके खेळत होता आणि मी तांदूळ निवडत होते. खेळता खेळता तो थांबला. चिंचोका बोटात तसाच, नजर कोठ्याच्या भिंतीवर. हाक मारली, तर ऐकूच आलं नाही. मग काहीतरी चाखल्यासारखे ओठ हलले, तोंड हळूहळू उजवीकडे फिरलं आणि तो लाकडासारखा ताठ होऊन सुपावर पडला. तांदूळ अंगणभर झाले. हे तांदूळ मला झटक्यापेक्षा जास्त आठवतात, का कोण जाणे.

सासूबाई धावल्या त्या चप्पल घेऊन. शेजारणीने कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी मुठीत लोखंडी किल्ली कोंबली. दातखीळ बसली म्हणून कोणी चमचा घातला आणि त्या चमच्याने समोरचा दात हलला. दुधाचा होता, पडणारच होता, असं मी स्वतःला सांगत असते.

नंतरचे आठ महिने भगताकडे गेले. "बाहेरचं हाय, अमोश्येले जोर करते," असं त्याने सांगितलं. धागा, अंगारा, एक काळी कोंबडी. मी बी.ए. झालेली बाई, लोकांना ऑनलाइन दाखले काढून देते, तरी गेले. लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? पोराचे ओठ निळे पडताना बघितले की माणूस कुठेही जातं.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आमच्या आशाताईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. त्यांनीच सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात जायला लावलं. मेंदूचा आलेख काढायचा, तर आदल्या रात्री लेकराला जागवायचं आणि डोक्याला तेलाचा थेंब नको. पहाटेच्या बसमध्ये तो डुलक्या घ्यायला लागला की मी त्याच्या मानेला ओलं फडकं लावत होते आणि मागच्या सीटवरची बाई मला कसाई समजून बघत होती. डोक्याला तारा लावल्या. कागदावर रेघा आल्या, मधेच काही ठिकाणी सराट्याच्या काट्यांसारख्या टोकदार. तिथल्या डॉक्टर मॅडमनी त्या काट्यांवर पेनाने गोल केला. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या खुणांनी बोलतात, तिथे एकदम सगळ्या ओरडायला लागतात, तोच झटका, असं त्यांनी गोलूलाच समजावलं. त्याने विचारलं, "म्हणजे माह्या डोक्यात डीपी उडते?" डीपी म्हणजे आमच्याकडे विजेचा ट्रान्सफॉर्मर; पावसाळ्यात रोज उडतो. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच.

त्याच दिवशी त्यांनी मला काय करायचं ते शिकवलं. कुशीवर करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याजवळची बटणं सैल. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही, बोट तर नाहीच. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि घड्याळ बघायचं. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांवर गेला तर नाकात मिडाझोलाम या झटका थांबवणाऱ्या औषधाचा फवारा आणि थेट दवाखाना. चप्पल-कांद्याचं मी सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन मिनिटांत तो थांबणारच असतो, आणि नाव चपलेचं होतं." हे वाक्य मी विसरणार नव्हते, पण पुढे स्वतःच विसरले.

औषधांचं थोडक्यात. आधी व्हॅल्प्रोएटचं सरबत, सकाळी आठ आणि रात्री आठ. मग जोडीला लेव्हेटिरासिटाम. त्याने झटके कमी झाले, पण पोरगं इतकं चिडकं झालं की भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं. हा औषधाचा ओळखीचा त्रास आहे हे कळेपर्यंत मी त्याला दोनदा मारलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे आणि नीट निदान-उपचार मिळाले तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. गोलू उरलेल्या तिसात निघाला. महिन्याला सहा-सातवरून दोनवर आले आणि तिथेच अडले.

रात्रीचं भय वेगळं. झोपेत मोठा झटका आला, तोंड उशीत गेलं आणि जवळ कोणी नसलं, तर क्वचित सकाळी लेकरू उठतच नाही. हे मॅडमनी सरळ सांगितलं, लपवलं नाही. क्वचित म्हणजे किती, हे आईच्या डोक्यात शिरत नाही. त्या रात्री घरी येऊन मी लुगडं फाडलं.

लाल्या आला तेव्हा गोलू सात वर्षांचा. त्या वर्षी कापसावर लाल्या पडला होता. पानं आधी कडेने आणि मग पूर्ण लाल होतात, बोंडं पोसत नाहीत, पऱ्हाटी उभ्या उभ्या वाळते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, रात्री रानडुकरांसाठी जागलीला जायचे. एका सकाळी ते खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून एक पिलू घेऊन आले. विटकरी रंगाचं, पोट फुगलेलं, कान गोचिडांनी भरलेले. गोलूचे बाबा वैतागले होते, म्हणाले, "वावरात लाल्या, आता घरातही लाल्या!" तेच नाव पडलं.

परदेशात या कामासाठी पिलं निवडतात, दोनेक वर्षं शिकवतात, अंगावर खास पट्टा चढवतात. आमच्या लाल्याची निवड मामाजींच्या दुपट्ट्याने केली. पहिला झटका त्याने बघितला तेव्हा तो शेपूट पायात घालून बंडीखाली, म्हणजे बैलगाडीखाली, गेला आणि संध्याकाळपर्यंत निघाला नाही. दुसऱ्या वेळी लांबून कुंई कुंई. चौथ्या-पाचव्या वेळी जवळ आला, गोलूच्या हाताचा वास घेतला, आणि झटका थांबून पोरगं गाढ झोपलं तेव्हा त्याच्या पाठीला पाठ लावून बसला. सासूबाई हाकलायला गेल्या तर उठेना.

मग कार्तिकातली ती रात्र. दोरीने मनगटाला चट्टा पडला होता म्हणून मी गाठ सैल मारली होती. ती केव्हा सुटली कळलं नाही. जाग आली ती भुंकण्याने. लाल्या छपरीत झोपायचा, दार लोटलेलं असायचं. तो दार नखांनी खरवडत होता आणि भुंकत होता. रस्त्यावरच्या माणसावर भुंकतात तसा सलग आवाज नव्हता, तुटक तुटक, मधे थांबून. मी दिवा लावला. गोलू पालथा होता, तोंड उशीत, खांदे उडत होते. कुशीवर केलं. नाक मोकळं झालं तेव्हा त्याने घेतलेल्या श्वासाचा आवाज मला अजून ऐकू येतो. बादली विहिरीत बुडताना येतो तसा.

त्या रात्री दार पूर्ण उघडलं आणि लाल्या आत आला. त्याने बाजेखाली जागा धरली. महिनाभर मी दोरी बांधतच राहिले, मग एक दिवस आड, मग ती खुंटीला टांगली. लग्नानंतर सलग सहा तास झोपण्याची मला आठवण नव्हती. सकाळी उठले तर ऊन भिंतीवर आलेलं आणि मला वाटलं, आपण आजारी पडलो.

पंचायतीतल्या संगणकावर दुपारी लाइन असली की मी वाचायची. तिथे कळलं की यात दोन प्रकार आहेत. झटका आल्यावर मदत करणारा कुत्रा: भुंकून माणूस बोलावणं, घंटी दाबणं, शेजारी बसून राहणं. हे शिकवता येतं. आणि झटक्याच्या आधीच सांगणारा कुत्रा. काही कुत्रे आपणहून तसं करतात असं लोक सांगतात, पण ते हमखास शिकवता येत नाही. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच शिकवलेल्या कुत्र्यांपुढे घाम आणि श्वासाचे नमुने ठेवले होते. काही झटक्याच्या वेळचे, काही एरवीचे. पाचही कुत्र्यांनी झटक्याचा वास वेगळा ओळखला, तिघांनी तर एकदाही न चुकता. म्हणजे झटक्याला वास असतो. पण डबीतला वास ओळखणं आणि वावरात, शेणामातीच्या शंभर वासांत, वीस मिनिटं आधी सांगणं यात बरंच अंतर आहे.

शिकवता येतं म्हटल्यावर मी शिकवायला घेतलं. बाजारातून बोंबील आणले, तुकडे केले. "बोल!" म्हटलं की भुंकायचं, मग तुकडा. हे दोन दिवसांत जमलं. खायचं असलं की कुत्र्याची जात शिकते लवकर. पुढची पायरी अवघड. कोणीतरी झटका आल्यासारखं पडायला हवं. गोलूचे बाबा तयार झाले. छपरीत सतरंजीवर पडून हातपाय झाडू लागले. लाल्याने दोन मिनिटं बघितलं, मग त्यांची एक चप्पल तोंडात धरली आणि पळाला. सासूबाई म्हणाल्या, "पाय, त्यालेही मालूम हाय, झटक्यात चप्पल लागते!" त्या दिवशी आमच्या घरात मिरगीवर पहिल्यांदा कोणी हसलं. गोलू तर लोळत होता.

दोन महिने गेले. शेवटी लाल्या बाबांवर नाही, पण गोलूवर भुंकायला शिकला, आणि मी पंचायतीतून येईपर्यंत त्याच्यापाशी बसायलाही. एकदा गोलू म्हणाला, "तू सारखी माह्याकडं पाह्यत रायतं. लाल्या आपला झोपते." मला लागलं ते, पण खरं होतं.

वही त्यानंतरची. दोनशे पानी, रेघांची. रकाने आखले: तारीख, वेळ, किती मिनिटं, औषध चुकलं का, झोप झाली का, तिथी, आणि शेवटचा रकाना 'लाल्या'. तिथीचा रकाना सासूबाईंसाठी. चौदा महिन्यांत सत्तावीस झटके झाले. अमावास्येच्या आगेमागे फक्त दोन, आणि जागरणानंतरचे सहा. भागवत सप्ताहाच्या एकट्या आठवड्यात तीन. सासूबाईंनी वही बघितली, चष्मा काढला, काही बोलल्या नाहीत. पुढच्या सप्ताहाला त्यांनी आपणहून गोलूला साडेआठला घरी आणून झोपवलं.

आता लाल्याचा रकाना. लाल्या गावात प्रसिद्ध झाला होता. "त्याले आधीच समजते वो, देवाचं कुत्रं हाय." एका म्हातारीने त्याला हळदकुंकू लावलं, ते त्याने चाटून टाकलं. ही प्रसिद्धी मीच केली होती. एका दुपारी तो उगाच गोलूचे हात चाटत होता, पाय घासत होता, गोलू वैतागून त्याला ढकलत होता, आणि दहा मिनिटांनी झटका आला. अंगावर काटा आला माझ्या. ही गोष्ट मी नळावर, दळणाच्या चक्कीवर, पंचायतीत, सगळीकडे सांगितली.

मग एका रविवारी रकाने मोजले. सत्तावीसपैकी आठ वेळा लाल्या जवळच नव्हता. उरले एकोणीस. बारा वेळा झटका सुरू झाल्यावर भुंकला. तीन वेळा काहीच नाही, एकदा तर शेजारी घोरत होता. आणि चार वेळा आधी बेचैन झाला. चार! पण त्याच वहीत मी दुसरीही नोंद ठेवली होती, 'बेचैन, पण झटका नाही'. ती अकरा वेळा होती. पंधरा वेळा बेचैन, त्यातला चार वेळा खरा. पिसू चावली तरी लाल्या बेचैन होतो.

ते चार मी गावभर सांगितले होते. अकरांबद्दल मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही काही बोलले नव्हते. भगताचंही असंच चालतं. दोन मिनिटांत थांबणारच असतो आणि नाव चपलेचं होतं. वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसले. लाल्यावर रागच आला, जसा काही त्याने मला फसवलं होतं. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं? भाकर खाल्ली होती आणि पोराजवळ झोपला होता.

राग ओसरल्यावर ते बारा दिसायला लागले. बारांपैकी सात रात्रीचे. त्यात चमत्कार काही नाही. पोरगं हलतं, बाज करकरते, कुत्र्याचा कान माणसापेक्षा तिखट. पण त्या सातही वेळा मी जागी झाले होते आणि गोलू कुशीवर झाला होता. तेव्हापासून कोणी 'देवाचं कुत्रं' म्हटलं की मी वही दाखवते. लोकांना आवडत नाही. म्हातारी म्हणाली, "शिकलेल्या बायाईले लय हिशेब लागते."

शाळेचं प्रकरण सोपं नव्हतं. कुत्र्याला शाळेत कसं घ्यायचं? अमेरिकेत १९९० च्या अपंगत्व कायद्याखाली अशा कुत्र्याला दुकानात, शाळेत माणसाबरोबर जाता येतं. आमच्याकडे पालकसभेत एक बाप उठून म्हणाला, "उद्या कोणाच्या पोराले चावलं त?" त्याचं चुकत नव्हतं. मी पुढच्या ६ जुलैला लाल्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. १८८५ साली याच तारखेला लुई पाश्चरने एका मुलाला रेबीजची पहिली लस टोचली होती, म्हणून या दिवशी जागोजाग कुत्र्यांना लस देतात. बंडीत बसवून नेला, तोंडाला दुपट्टा बांधून. डॉक्टरांना मिरगीचं सांगितलं तर ते म्हणाले, "कुत्र्यांनाही होते ना मिरगी, आम्ही फेनोबार्बिटोन देतो." हे ऐकून गोलू इतका खूश झाला की रस्ताभर लाल्याला समजावत होता. लसीचं कार्ड मी लॅमिनेट करून सरांना दिलं. सरांनी तोडगा काढला: लाल्या वर्गात नाही, पण खिडकीबाहेर कडुनिंबाखाली बसू शकतो.

कागदोपत्री मात्र गोलू कुठेच बसत नाही. दिव्यांग ओळखपत्राचे अर्ज मी रोज भरते. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. मी यादी वरून खाली, खालून वर वाचली. मिरगी असा रकाना त्यात नाही. नणंदबाईंना काळजी वेगळीच, पुढे याला पोरगी कोण देईल? हिंदू विवाह कायद्यात एके काळी मिरगी ही लग्नाला अडचण म्हणून लिहिलेली होती, ती १९९९ मध्ये काढून टाकली, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कायद्यातून काढली, लोकाईच्या डोक्यातून कोण काढते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

डोक्याचं म्हणाल तर आधी पोरांच्या डोक्यातून निघायला लागली. एकदा दुपारच्या सुट्टीत मी डबा द्यायला गेले, तर ओट्यावर एक खेळ चालला होता. एक पोरगा पडून हातपाय झाडत होता, दुसरा रांगत भुंकत होता. माझं डोकं सणकलं. माझ्या लेकराची नक्कल! काठी शोधायला लागले. तेवढ्यात तिसरी एक पोट्टी आली, पडलेल्याला कुशीवर वळवलं, त्याच्या डोक्याखाली दप्तर सरकवलं, आणि बाकीचे मोठ्याने मोजायला लागले, एक, दोन, तीन. खेळाचं नावच 'गोलू-लाल्या' होतं. आणि गोलू? तो भुंकणारा होता. त्या दिवशी लाल्याची भूमिका त्याच्याकडे होती.

गेल्या वर्षीच्या पोळ्याला लाल्या गेला. पोळा श्रावणी अमावास्येला, दुसऱ्या दिवशी भादवा लागतो, आणि भादव्यात कुत्र्यांचं काय होतं ते मी सांगायला नको. बैलांची मिरवणूक तोरणाखालून सुटली तेव्हा तो शेवटचा दिसला. रात्री आला नाही. सकाळी नाही. नसबंदी करून घ्या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही वेचणी झाल्यावर, मग सोंगणी झाल्यावर, असं करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. हा आपल्या विदर्भाचा सण, नागपूरकर भोसल्यांच्या वेळेपासूनचा असं सांगतात. पोरं लाकडी नंदी सजवून मारोतीच्या पारावर नेतात, घरोघर फिरतात, बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागतात. गोलूचा नंदी मामाजींनी सागाच्या तुकड्यातून कोरलेला, एक शिंग आखूड. त्याला जायचं होतं. मी म्हटलं, लाल्या येऊ दे. तो म्हणाला, "लाल्या त्याच्या सणाले गेला, मी माह्या." गोलूचे बाबा हसले आणि मी हरले. पाठवलं. दहा मिनिटांनी मागून निघाले, पण लांबून, पिठाच्या चक्कीच्या आडून बघत.

चार वाजून पन्नास मिनिटं. मी बघत होते म्हणून मला दिसलं. नंदीची दोरी त्याच्या हातातून सुटली आणि तो कोणाकडेही नाही असा बघायला लागला. मी धावले. मधे बाया, बैल बघायला आलेले पाहुणे, डफडंवाले. पारापाशी पोहोचले तेव्हा तो खाली होता, कुशीवर. डोक्याखाली कोणाचा तरी शर्ट. एक पोरगा त्याच्या नंदीला धरून उभा होता, लाकडाचं शिंग डोळ्याला लागू नये म्हणून. चार-पाच जण मोजत होते, शंभराच्या पुढे गेले होते. एक पाहुणे गर्दीतून वाकले, पायातली वहाण काढायला लागले, तर ती कुशीवर वळवणारी पोट्टी त्यांच्यावर ओरडली, "काका, दूर व्हा ना! हवा येऊ द्या!" काका मागे सरले. मी काहीच केलं नाही. करायला काही उरलंच नव्हतं. मी आपली फवाऱ्याची पिशवी छातीशी धरून पोरांबरोबर मोजत राहिले. एकशे चाळीसला तो सैल पडला.

दोघांनी त्याला उचलून घरी आणलं, मागे सगळे नंदी. झोपून उठल्यावर त्याने पहिलं विचारलं, "माह्या वाट्याचा बोजारा?" तो त्याच्या मित्राने वेगळा मोजून ठेवला होता, तेवीस रुपये.

रात्री मी खुंटीवरची दोरी काढली. काठ विटला होता, पण वळ पक्का. त्याच्या मनगटाला एक फेरा घेतला तर त्याला जाग आली. त्याने दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पोळा झाला आई. मी बैल हाओ का?" आणि गाठ त्यानेच सोडली. मी दोरी हातात धरून खाली सतरंजीवर बसले, लाल्याच्या जागी, बाजेला पाठ लावून. केव्हातरी डोळा लागला असावा.

चौथ्या दिवशी दुपारी लाल्या आला. एक कान फाटलेला, मागचा पाय लंगडत, अंगभर चिखल आणि चेहरा असा की जसा काही चारधाम करून आला. मामाजींनी कानात हळद भरली आणि शिव्या दिल्या. गोलूने आपल्या तेवीस रुपयांतून त्याच्यासाठी बिस्किटचा पुडा आणला. मी वही काढली. तान्हा पोळा, ४.५०, अडीच मिनिटं, औषध चुकलं नाही, झोप कमी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. सासूबाई बघतील म्हणून तिथी पूर्ण लिहिली. शेवटच्या रकान्यात आधी 'गैरहजर' लिहिलं, मग बराच वेळ पेन टेकवून बसले आणि त्याच चौकोनात बारीक अक्षरात पाच पोरांची नावं लिहिली. मावली नाहीत, समासात गेली.